प्रेमसिंगभाऊंनी निवडलेलं पिल्लू

हिंगोलीतल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत गेल्या दिवाळीनंतर प्रेमसिंग आडे आणि त्यांच्या पत्नी धुरपताबाई राहायला आले. जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या पुढे आत एक तांडा आहे, तिथले हे दोघं. धुरपताबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसला आणावं लागे आणि जीपचे हेलकावे खात येणं-जाणं त्यांना झेपेना. मुलगा कुलदीप पुण्याकडे एका कारखान्यात कामाला आहे. त्याने येऊन खोल्या पाहिल्या, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, आईकडं लक्ष ठेवा. बापू काही बोलणार नाहीत, तेव्हा तुम्हीच मला फोन करा."

प्रेमसिंगभाऊ खरोखरच फार बोलत नसत. उंच, सरळ पाठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल रुमाल. सकाळी उठून ते स्वतःचं अंगण झाडत, मग माझंही झाडत. मी नको म्हटलं तर म्हणाले, "हात रिकामे राहिले की दुखतात." झाडून झालं की पायरीवर बसत. तांड्यावर पायरीवर बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा काहीतरी बोलतो. आमच्या गल्लीत लोक गाडीवर येतात आणि गाडीवर जातात. पहिल्या महिन्यात त्यांना माझ्याखेरीज फक्त दूधवाल्याने हाक मारली असेल, तीही चुकून.

तांड्यावर त्यांची थोडी जमीन आहे. हळद, सोयाबीन, तूर. ती आता धाकटे भाऊ भावसिंग बघतात. पण प्रेमसिंगभाऊंची ओळख जमिनीमुळे नव्हती. ती कशामुळे होती ते मला धुरपताबाईंनी सांगितलं. पंचक्रोशीतल्या तांड्यांवर कुठेही कुत्री व्याली की पिल्लू निवडायला यांना बोलावणं येई. लोक मोटारसायकलवर पुढे-मागे बसवून नेत. शेतावर राखणीला कुठलं पिल्लू ठेवायचं, मेंढरांमागे कुठलं द्यायचं, कुठलं नुसतंच खाऊन लोळेल, हे ते बघता बघता सांगत. आधी तोंड उघडून टाळू बघायची. काळी असेल तर कुत्रं धीट. मग पायांची नखं मोजायची, वीस भरली तर उत्तम. आणि शेवटची, खरी परीक्षा म्हणजे मानेचं कातडं धरून पिल्लू अधांतरी उचलायचं. जे केकाटलं ते खाली. जे गप्प लोंबत राहिलं ते घरी न्यायचं.

"एक बी चुकलेलं न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या. मग पदराआड हसल्या. "मलाच तेवढं न बघता आनलं."

धुरपताबाईंबद्दल सांगायचं तर त्यांचं सगळं आयुष्य उघड्यावर गेलं होतं. लहानपणी गुरांमागे, लग्नानंतर रानात, ऊसतोडीला गेल्या तर पाचटाच्या कोपीत. पक्क्या भिंतींच्या, कडी लावलेल्या खोलीत त्या पहिल्यांदाच राहत होत्या. दंडापासून मनगटापर्यंत पांढरा चुडा घालायची त्यांची जुनी रीत. डायलिसिससाठी डाव्या हातावर छोटं ऑपरेशन झालं तेव्हा त्या हातातला चुडा कापून काढावा लागला. नवरा जिवंत असताना चुडा उतरवला म्हणून त्या हातावर कायम पदर असे. मी चहा घेऊन गेले की उजव्या हाताने कप घेत, डावा कधी बाहेर काढत नसत.

सुया, मशीन, मोजून प्यायचं पाणी, हे सगळं त्यांनी न कुरकुरता सोसलं. त्यांना सोसलं नाही ते एकच. दारात कुत्रं नव्हतं.

हे मला आधी गमतीचं वाटलं. मग एकदा त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मी विचारलं, झोप लागत नाही का? त्या म्हणाल्या, "अक्का, दारात कुत्रं न्हाई त्या घरात मला डोळा लागत न्हाई. तिथं काळू भुंकला की कळायचं कुनी आलं. न्हाई भुंकला की कळायचं कुनी न्हाई. इथं मला काहीच कळत न्हाई. पान हाललं तरी उठून बसते."

मग काळूलाच आणायचं ठरलं. भावसिंग त्याला जीपमध्ये घालून घेऊन आले. वासराएवढं कुत्रं, एक कान फाटलेला. दोन दिवस त्याने गल्ली डोक्यावर घेतली. शेजारचे शिक्षक माझ्याकडे तक्रार घेऊन आले, पेपर टाकणाऱ्याने पेपर टाकणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी काळूने दोर तोडला आणि गेला. प्रेमसिंगभाऊ दिवसभर त्याला शोधत फिरले. दोन दिवसांनी भावसिंगांचा फोन आला की कुत्रं तांड्यावर पोचलं, पायाची कातडी सोलली आहे, पण भाकरी खाऊन झोपलं आहे. धुरपताबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "त्याला अक्कल आहे," म्हणाल्या. "निघून गेलं."

त्यानंतरच्या आठवड्यात त्याही निघून गेल्या. प्रेमसिंगभाऊ औषधं आणायला गेले होते, मी आंघोळीला. त्या रिक्षाने अड्ड्यावर गेल्या आणि गोरेगावच्या जीपमध्ये बसल्या. प्रेमसिंगभाऊ मागोमाग गेले, पण त्या उठायला तयार होईनात. मशीनच्या दोन खेपा चुकल्या. तोंड सुजलं, पाय सुजले, आडवं झालं की श्वास अडकायला लागला, तेव्हा भावसिंगांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. दवाखान्यातले डॉक्टर खूप रागावले. पुन्हा असं केलं तर आम्ही काही करू शकणार नाही, असं त्यांनी कुलदीपला फोनवर स्पष्ट सांगितलं.

दवाखान्यातून आल्यावर धुरपताबाईंनी मला हाक मारली. प्रेमसिंगभाऊ समोरच बसले होते, पण त्या बोलल्या माझ्याशी.

"अक्का, ह्यांना म्हनावं, एक कुत्रं आना. लहान आना, मोठं आना, पन दारात पाहिजे. मंग सुया म्हना, मशीन म्हना, सगळं करते. शबूद देते. न्हाईतर मला तांड्यावर जाऊ द्या."

प्रेमसिंगभाऊ मान खाली घालून ऐकत होते. मग उठले आणि रुमाल नीट बांधून मला म्हणाले, "गल्लीत चालंल आसं कुत्रं कोनतं आसतंय, बाई?"

मी म्हटलं, लहान जातीचं. पॉमेरियन वगैरे. घरात राहतं, उंबऱ्यावर बसतं, कुणी आलं की भुंकतं, पण कुणाला भीती वाटत नाही. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. पुढे ते त्याला 'बारकं कुत्रं' एवढंच म्हणत.

आमची शोधाशोध सुरू झाली. कुलदीपचे पैसे इंजेक्शनांना आणि औषधांना जात. पिल्लासाठी प्रेमसिंगभाऊंच्या हातात तीन हजारांच्या वर काही नव्हतं. नांदेडच्या एका दुकानात मी फोन केला तर त्यांनी त्याच्या तिप्पट सांगितले आणि वर पिशवीतलं खाणं आणि पट्टा वेगळा. कुलदीपने मोबाइलवर एका पिल्लाचा फोटो पाठवला. दोन हजारांत घरपोच, पण निम्मे पैसे आधी. मी त्या माणसाला पिल्लाची आई दाखवायला सांगितलं तर त्याने फोनच उचलला नाही. प्रेमसिंगभाऊंना तो फोटो दाखवला होता. ते म्हणाले, "फोटूला कुठून धरून उचलू?"

हिंगोलीत एकाकडे पिल्लं होती, पण त्यांचे डोळे चिकटलेले आणि अंगावर चट्टे. ती पाहून आम्ही तसेच परत आलो. घरी आलो की धुरपताबाई दारातच बसलेल्या असत. आमच्या हातांकडे बघत आणि काही न विचारता आत जात. दर खेपेला मला वाटे, उद्या या खोल्या रिकाम्या दिसणार.

शेवटी खुर्शीदबींची आठवण झाली. त्या पूर्वी आमच्या गल्लीत राहत, गोधड्या आणि उशांचे अभ्रे शिवून देत. आता त्या आखाडा बाळापूरला मुलाकडे असतात. मुलगा आसिफ, त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याने हौसेने एक पांढरी पॉमेरियन पाळली आहे, ती व्याली आहे, असं त्यांनीच मला फोनवर कधीतरी कुरकुरत सांगितलं होतं. मी फोन लावला. चार पिल्लं होती, दीड महिन्यांची. "आकर ले जाओ, बाई," त्या म्हणाल्या. "मेरे सर का बोझ कम होगा."

धुरपताबाईंच्या मशीनचा वार सोडून मधल्या दिवशी आम्ही नांदेडच्या एसटीने निघालो. प्रेमसिंगभाऊंनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मिशांना तेल लावलं होतं. एसटीत ते खिडकीशी बसले आणि वाटेतल्या प्रत्येक गावात कुणाचं कुत्रं त्यांनी निवडलं होतं ते सांगत गेले. या वाटेवर त्यांचा असा कितीसा संबंध असणार? पण बहुतेक गावांत कुणाचा तरी सोयरा निघत होता. तीन महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

खुर्शीदबींनी चहा दिला आणि मुलाची तक्रार केली. नमाजाच्या घरात कुत्रं नको म्हणून त्यांनी आसिफला बजावलं होतं, त्यामुळे कुत्री आणि पिल्लं दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हा दिवसातून चार वेळा हातपाय धुतो आणि पाचव्यांदा परत त्यांच्यातच जाऊन बसतो. आसिफ हसत होता. साधा, कष्टाळू मुलगा. शेड त्याने स्वच्छ ठेवली होती, खाली पोतं, बाजूला पाणी. आई पांढरी शुभ्र, आम्हाला बघून गुरगुरली.

चारपैकी तीन पिल्लं उठून आली. त्यांतलं एक तर माझ्या चपलेचा पट्टा दातांत धरून ओढायला लागलं. चौथं पोत्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. त्याने फक्त डोळे उचलून पाहिलं.

प्रेमसिंगभाऊ खाली बसले. त्यांनी रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला, देवळात बसावं तसे. एकेक पिल्लू घेऊन तोंड उघडलं, नखं मोजली. मग मानेला धरून उचललं. पहिलं केकाटलं. दुसरं केकाटलं आणि आई धावून आली. माझ्या चपलेशी खेळणारं तर असं ओरडलं की खुर्शीदबी घरातून विचारायला लागल्या, काय झालं? प्रेमसिंगभाऊंनी ती तिन्ही हलकेच खाली ठेवली. मग चौथं उचललं.

ते ओरडलं नाही. पाय सैल सोडून लोंबत राहिलं.

त्यांनी त्याला तसंच क्षणभर धरलं, मग छातीशी घेतलं. "हे," म्हणाले.

आसिफ पुढे आला. "मामा, वो नको. कलसे सुस्त है. दूध बी बराबर नहीं पिया. ये लेव ना, ये तेज है." त्याने चप्पलवालं पिल्लू उचलून दाखवलं. किंमत सगळ्यांची एकच होती आणि ती आमच्या पैशांत बसत होती.

"तुझं तेज तुला राहू दे," प्रेमसिंगभाऊ म्हणाले.

"मामा, सच्ची बोल रहा हूँ."

"व्हय, व्हय. कळलं."

मीही म्हटलं, हे खेळकर दिसतं आहे, माणसांत लगेच रुळेल. त्यावर ते मला समजावत म्हणाले, "बाई, जे तुमच्या पायात नाचतंय ते चोराच्याबी पायात नाचंल."

आसिफने माझ्याकडे बघून खांदे उडवले. पैसे घेताना त्याने त्यांतली एक नोट परत दिली, दवापाण्याला असू द्या म्हणाला. प्रेमसिंगभाऊंनी ती घेतली, पण त्यांच्या मिशीत हसू होतं. परतीच्या जीपमध्ये बसल्यावर ते हसू बाहेर आलं.

"बघितलं का, बाई? त्याला हे देयाचंच नव्हतं. जनावराच्या बाजारात बी आसंच. जी म्हैस इकायची न्हाई तिलाच मालक नावं ठेवून राहतो. आमचे बाप-आजे बैल घेऊन मुलूखभर फिरले. इकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नसतं, त्याच्या डोळ्यांकडं बघायचं."

मी विचारलं, पण दूध पीत नाही म्हणाला ना तो? ते म्हणाले, आईपासून तुटायचं आहे हे शहाण्या जनावराला आधी कळतं. पिल्लू त्यांच्या सदऱ्याच्या आत होतं, फक्त कान बाहेर. ते ज्या तऱ्हेने त्या कानांवर हात धरून वारा अडवत होते, ते पाहून मी पुढे काही बोलले नाही. गाडीतल्या एका बाईने विचारलं, काय आहे? त्यांनी सदरा उघडून दाखवला. मग गाडीभर ते पिल्लू बघितलं गेलं.

धुरपताबाई दारात बसल्या होत्या. प्रेमसिंगभाऊंनी पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पदराखालून डावा हात बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी त्याला धरलं. तो हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मनगटाच्या वर ऑपरेशनची फुगलेली शीर, दंडावर चुड्याचे जुने फिकट वळ.

"धोळ्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, बोलीत धोळो म्हणजे पांढरा.

त्या रात्री पिल्लू उंबऱ्याजवळ गोधडीवर झोपलं आणि धुरपताबाईंना गाढ झोप लागली. सकाळी प्रेमसिंगभाऊ माझ्याकडे आले ते हे सांगायलाच. नवं पिल्लू पहिल्या रात्री घर उठवतं, हे एकदाही रडलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. धुरपताबाईंनी स्वतःहून मला सांगितलं की उद्या मशीनला लवकर जायचं आहे, धोळ्याला तुमच्याकडे ठेवू का? त्या मशीनला जायची गोष्ट आपणहून काढत होत्या, हे ऐकून मी कुलदीपला फोन केला. त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "काकू, ते कुत्रं किती दिवस जगतं?" मी म्हटलं, बारा-चौदा वर्षं. तो म्हणाला, "बस."

पण पिल्लू दुधाला तोंड लावत नव्हतं. दुपारी त्याला उलटी झाली, फेसाची. संध्याकाळी जुलाब सुरू झाले आणि त्यांना असा वास होता की मी तो विसरणार नाही. धुरपताबाई कापसाच्या बोळ्याने त्याच्या तोंडात पाणी सोडत होत्या. स्वतःला मोजून मिळणारं पाणी. मी दोघांना म्हटलं, सकाळी जनावरांच्या दवाखान्यात नेऊ. प्रेमसिंगभाऊ म्हणाले, जागा बदलली की होतं असं. पण त्यांनी त्याला हात लावून पाहिला तेव्हा हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला.

सकाळी धुरपताबाई हटून बसल्या, धोळ्याला टाकून मशीनला जाणार नाही म्हणून. शेवटी मी शब्द दिला की मी स्वतः नेते आणि त्याच्याजवळच बसते. त्या दोघांची रिक्षा सरकारी दवाखान्याकडे गेली, माझी जनावरांच्या दवाखान्याकडे. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तपासून पार्वो म्हणून नाव सांगितलं. लहान पिल्लांना होतो, लस मिळण्याआधी झाला तर फार थोडी वाचतात. त्यांनी पुढच्या पायाला सुई लावून सलाइन दिलं. मी हातात बाटली धरून उभी होते, मग बाकावर बसले. त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला धुरपताबाई तशाच नळीला जोडलेल्या असणार, हे माझ्या मनात येत राहिलं.

दुपारी त्या परत आल्या. पिल्लाच्या पायाची चिकटपट्टी बघून म्हणाल्या, "याला बी मशीन लावली व्हय?" आणि त्यांनी आपला पट्टी लावलेला हात त्याच्या शेजारी ठेवला.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशीही बोलावलं होतं. या खेपेला प्रेमसिंगभाऊ गेले, एकटेच. परत आले तेव्हा पिल्लू त्यांच्या हातांत ओल्या कापडासारखं पडलं होतं. धुरपताबाईंनी ते मांडीवर घेतलं. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले होते, प्रेमसिंगभाऊ चूल नसलेल्या त्या स्वयंपाकघराच्या दारात उभे. पिल्लाला एक आचका आला, तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

"लेकरा," धुरपताबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "रडायचं बी बळ न्हाई राह्यलं रे तुझ्यात. आलं तवाच नव्हतं."

त्यांनी हे कुणाला सुनवायला म्हटलं नव्हतं. त्या पिल्लाशीच बोलत होत्या. पण मी मान वर केली तर प्रेमसिंगभाऊंनी चौकट घट्ट धरली होती आणि ते आपल्या दुसऱ्या हाताकडे बघत होते, उजव्या हाताकडे, ज्याने ते पिल्लं उचलत.

तासाभरात पिल्लू गेलं. प्रेमसिंगभाऊंनी सीताफळाच्या झाडामागे खड्डा केला. सगळं आटोपल्यावर ते हात न धुताच माझ्या पायरीवर येऊन बसले. मी पाणी दिलं. पेला तसाच बाजूला ठेवून ते म्हणाले,

"बाई, जल्मभर म्या आसंच उचललं. जे गप राह्यलं ते घेतलं. ते काहून गप आहे, हे कधी इचारलंच न्हाई."

मी म्हटलं, तुमची सगळी कुत्री चांगली निघाली होती, धुरपताबाईंनीच सांगितलं.

"निघाली. तांड्यावरची पिल्लं व्हती, आजारी नव्हती. आन ते आसिफ पोरगं मला सांगून राह्यलं व्हतं, बाई. तोंडानं सांगून राह्यलं व्हतं. म्या त्याच्या डोळ्यात बघत बसलो."

मी आसिफला कळवलं. त्याच्याकडचंही एक पिल्लू आजारी पडलं होतं, बाकीच्या दोघांना त्याने वेगळं केलं होतं. ते चप्पलवालं ठीक होतं. लस टोचून झाली की ते मी स्वतः आणून देतो, पैसे नको, असं तो म्हणाला. मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हा रोग घराच्या कानाकोपऱ्यात महिनोन्महिने राहतो, सहा महिने तरी दुसरं पिल्लू आणू नका. आणायचंच तर मोठं, सगळ्या लसी झालेलं आणा.

हे सांगायला मी मागे गेले. धुरपताबाई उंबऱ्याजवळची जागा ब्लीचिंग पावडरने धुवत होत्या. मीच त्यांना पावडर दिली होती. सहा महिने ऐकून त्या थांबल्या. "तवर कोन राहातंय, अक्का," म्हणाल्या, आणि परत घासायला लागल्या. मी मोठ्या कुत्र्याचं सांगितलं तर त्यांनी मान हलवली. मांडीवर पुन्हा काही मरू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मग त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "म्या शबूद दिला व्हता, कुत्रं आनलं तर राहीन. यांनी आनलं. ते राह्यलं न्हाई. आता मला बी सोडा."

कुलदीप फोनवर रडला. मीही जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, श्वास कसा अडकला होता, सगळं. धुरपताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा हात धरून ठेवला. मी प्रेमसिंगभाऊंना बाहेर गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील.

"काय सांगू, बाई? तिनं एकच काम सांगितलं व्हतं. मला येतं तेच सांगितलं व्हतं."

भावसिंग जीप घेऊन आले. धुरपताबाई जायच्या दिवशी आंघोळ करून, केस विंचरून तयार होत्या. सामान त्यांनी फारसं घेतलं नाही, भांडी-खाट नंतर नेता येईल म्हणाल्या. माझ्या घरात येऊन माझ्या यजमानांच्या फोटोला हात जोडले. जीपमध्ये त्या पुढे बसल्या आणि प्रेमसिंगभाऊ मागे, सामानाजवळ.

पुढच्या मशीनच्या दिवशी दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला, कारण नंबर माझा दिलेला होता. पेशंट का आल्या नाहीत, विचारत होत्या. मी म्हटलं, त्या गावी गेल्या. सिस्टर ओळखीच्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, मागे वेटिंगला माणसं आहेत. त्यांचा नंबर दुसऱ्याला देऊ का?" मी म्हटलं, दोन दिवस थांबा. तेवढ्या वेळात गोरेगावच्या जीपवाल्याकडून निरोप पाठवला, भावसिंगांना फोन केला. त्या यायला तयार नव्हत्या. दोन दिवसांनी सिस्टरचा परत फोन आला आणि मी हो म्हटलं.

होळीच्या आधी त्या गेल्या. कुलदीप पोचला होता, एवढं बरं झालं.

चैत्रात प्रेमसिंगभाऊ खोल्या रिकाम्या करायला आले. बरोबर कुणी नव्हतं. त्यांनी भांडी पोत्यात भरली, खाट उभी केली, खोल्या झाडल्या, धुतल्या, आणि मी नको नको म्हणत असताना माझं अंगणही झाडलं. मग पायरीवर बसून चहा घेतला. त्यांना विचारू की नको असं मला होत होतं. शेवटी विचारलं, शेवटी फार त्रास झाला का त्यांना?

"शेवटचे दिवस गप पडून व्हती. कन्हली बी न्हाई, बाई. तांड्यावरच्या बाया येऊन बसायच्या. म्हनायच्या, केवढी धीट बाई, आवाज न्हाई काढला. तिचं नाव काढून राहिल्या आजून."

त्यांनी कप खाली ठेवला.

"म्या त्यायला म्हनलं, धिटाई न्हाई ती. बळ सरलंय तिचं. तिच्याजवळ बसा, पानी पाजा, हात धरा. तर माझ्यावरच चिडल्या. म्हनल्या, म्हाताऱ्याला बायकोचं कवतिक न्हाई."

मी त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला. त्यांनी तो प्यायला, कप नळाखाली धुऊन उपडा ठेवला आणि खाट खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर उभ्या असलेल्या टेम्पोकडे गेले.